आयर्नमॅन करा, पण तब्येतीसाठी म्हणून करू नका



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, दवाखान्यात तापाच्या पेशंटची गर्दी. त्यात एक गृहस्थ आले. वय 44, अंगाने सडपातळ, मनगटावर मोठं घड्याळ. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी कागद पुढे केला. "डॉक्टर, तपासायचं काही नाही. ट्रायथलॉनचा फॉर्म आहे. फक्त इथे सही आणि शिक्का."

मी कागद बाजूला ठेवून नेहमीचे चार प्रश्न विचारले. वडिलांना काही? "हार्ट अटॅक, बावन्नाव्या वर्षी. पण ते सिगारेट ओढायचे." ब्लड प्रेशर कधी तपासलं होतं? आठवत नव्हतं. कधी चक्कर, बेशुद्धी? नाही. व्यायाम करताना छातीत काही होतं का? "तसं काही नाही. सायकलवर घाट चढताना थोडी जळजळ होते, सपाटीला आलो की जाते. ॲसिडिटी आहे मला."

मी सही केली नाही. ते चिडून गेले. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

हा लेख त्यांच्यासारख्या लोकांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. गेल्या काही वर्षांत असे फॉर्म घेऊन येणारे वाढले आहेत. त्यात बँकेतले अधिकारी आहेत, इंजिनियर आहेत, शिक्षिका आहेत आणि आम्ही डॉक्टर तर आहोतच. मी स्वतः अर्ध्या अंतराची स्पर्धा एकदा पूर्ण केली आहे आणि एकदा अर्धवट सोडली आहे. त्यामुळे "हे सगळं वेड आहे, चालायला जा" असं मी म्हणणार नाही. पण या खेळाबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं पदकाबद्दल असतं, शरीराबद्दल कमी. ते आज बोलू.

हा प्रकार नेमका काय आहे?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबवता. पूर्ण आयर्नमॅन अंतर म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर 42.2 किलोमीटर म्हणजे पूर्ण मॅरेथॉन. हे सगळं साधारण 17 तासांत संपवायचं. अर्धं अंतर म्हणजे 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर, यांची मैलांत बेरीज 70.3 होते म्हणून त्याला तेच नाव आहे. गोव्यात 2019 पासून मिरामारच्या किनाऱ्यावर होते ती ही अर्ध्या अंतराची स्पर्धा.

याची सुरुवात 1978 साली हवाई बेटांवर झाली. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने आणि त्यांच्या पत्नी जुडी यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकत्र जोडल्या. पहिल्या वर्षी 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. आपल्याकडे घराघरांत हा शब्द पोचला तो 2015 मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची स्पर्धा पूर्ण केली तेव्हा. त्यानंतर "पन्नाशीत तो करू शकतो तर मी का नाही?" हा प्रश्न अनेकांना पडला. प्रश्न चांगला आहे. फक्त सोमण लहानपणापासून पोहणारे, राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, हे आपण सोयीने विसरतो.

माझं मत

आधी मत सांगतो, मग कारणं.

आयर्नमॅन हा एक सुंदर खेळ आहे, पण तो औषध नाही. तब्येत सुधारण्यासाठी लागणारा व्यायाम आणि आयर्नमॅनसाठी लागणारा व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम करायला सांगते, सोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. व्यायामाचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या पायरीवर मिळतो, काहीच न करणारा माणूस थोडं करू लागतो तेव्हा. त्यापुढे फायदा वाढतो, पण हळूहळू कमी वेगाने.

अर्ध्या अंतरासाठी आठवड्याला साधारण आठ-दहा तास आणि पूर्ण अंतरासाठी बारा-पंधरा तास सराव लागतो. एवढ्या व्यायामाने तुमची शुगर, वजन, दम सगळं सुधारेल. पण ते याच्या एक तृतीयांश व्यायामानेही बऱ्यापैकी सुधारलं असतं. उरलेले तास तुम्ही आरोग्यासाठी नाही, स्पर्धेसाठी देता. आवड म्हणून देत असाल तर खुशाल द्या. गाण्याचा रियाज करणारा माणूस "फुफ्फुसं सुधारावीत म्हणून गातो" असं कुठे सांगतो? त्याला गायचं असतं.

अडचण होते ती "मी एवढा व्यायाम करतो, मला काय होणार?" या समजुतीने. व्यायाम हृदयविकाराचा धोका कमी करतो, शून्य करत नाही. वडिलांकडून आलेलं कोलेस्टेरॉल, वीस वर्षं ओढलेली सिगारेट, न तपासलेलं ब्लड प्रेशर हे पदकाने पुसलं जात नाही. आणि आपल्या भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्य लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो.

धोका किती? आकड्यांत सांगतो

घाबरवणं हा माझा हेतू नाही, म्हणून आकडे नीट बघू. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांमधल्या अशा घटना एकत्र करून अभ्यास झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अपघाती मृत्यू मिळून 135 घटना सापडल्या. प्रमाण निघालं लाख स्पर्धकांमागे पावणेदोनच्या आसपास. म्हणजे धोका कमी आहे.

पण तो सगळ्यांना सारखा नाही. स्त्रियांमध्ये लाखामागे एकाहूनही कमी, पुरुषांमध्ये सुमारे 2.4 आणि साठीपुढच्या पुरुषांमध्ये 18 च्या वर. बळी पडलेल्यांचं सरासरी वय 47 च्या जवळ होतं. ज्यांचे शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत आधीपासून दोष होता. तो बहुतेकांना माहीत नसावा.

आणखी एक गोष्ट. 135 पैकी 90 घटना पोहताना घडल्या. लोकांना भीती वाटते धावण्याची, उन्हाची, शेवटच्या दहा किलोमीटरची. खरा नाजूक भाग पहिला अर्धा-पाऊण तास असतो.

पाण्यात काय होतं?

तरण तलावात तुम्ही कडेला धरून थांबू शकता, तळ दिसतो, लेन असते. समुद्रात यातलं काहीच नाही. शिट्टी वाजते, शेकडो लोक एकदम पाण्यात शिरतात, कुणाचा हात तोंडावर बसतो, कुणाची लाथ लागते, नाकातोंडात खारं पाणी जातं. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं आणि हृदयाचे ठोके पळू लागतात. त्याच वेळी चेहरा पाण्यात आणि श्वास रोखलेला असल्यामुळे शरीराची एक जुनी प्रतिक्षिप्त क्रिया ठोके कमी करायला बघते. हृदयाला एकाच क्षणी "पळ" आणि "थांब" असे दोन हुकूम मिळतात. निरोगी हृदय ते निभावून नेतं. आधीच दोष असलेल्या हृदयात ठोक्यांची लय बिघडू शकते.

दुसरा प्रकार म्हणजे पोहताना फुफ्फुसात पाणी होणं. हे बुडून गेलेलं पाणी नाही, शरीरातलंच पाणी रक्तवाहिन्यांतून फुफ्फुसांत झिरपतं. गार पाणी, घट्ट वेटसूट, स्पर्धेआधी "हायड्रेशन" म्हणून प्यालेलं भरमसाट पाणी आणि वाढलेलं ब्लड प्रेशर यांनी त्याची शक्यता वाढते. लक्षण एकच लक्षात ठेवा: दमाने नव्हे तर वेगळीच धाप लागणं, सतत खोकला येणं, कधी फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. असं झालं तर हात वर करा, पाण्यातून बाहेर या. "अजून चारशे मीटरच राहिलेत" हा हिशोब तिथे करू नका.

म्हणून तलावात चार किलोमीटर पोहता येणं पुरेसं नाही. मोकळ्या पाण्यात सराव करा, पण एकट्याने कधीच नाही. सोबत पोहणारा माणूस आणि होडी हवी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात उतरू नका. पायाला जखम असेल तर नकोच, लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट आम्ही दर पावसाळ्यात बघतो.

पाणी कमी आणि पाणी जास्त

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला आम्हीच वर्षानुवर्षं दिला. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत तोच अंगाशी येऊ शकतो. तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. त्यात सावकाश धावणारे आणि स्पर्धेत वजन वाढलेले लोक जास्त होते. म्हणजे घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पाणी प्यालेले. आपण हौशी मंडळी सावकाशच धावतो, शिवाय प्रत्येक टेबलवर थांबतो आणि पेला रिकामा करतो.

लक्षणं फसवी असतात: मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं बोलणं. जवळचे लोक म्हणतात, "पाणी कमी पडलंय, सलाईन लावा." सोडियम कमी झालेलं असताना साधं सलाईन भराभर चढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून आपल्या माणसाला दवाखान्यात न्याल तेव्हा आधी रक्तातलं सोडियम तपासायला सांगा.

मग प्यायचं किती? उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे, पण ते काढायची पद्धत सोपी आहे. तासभर सराव करण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यालात तर तेही यात मिळवा. हे उन्हात वेगळं येईल, पावसात वेगळं. स्पर्धेत तहान लागेल तसं प्या, घामापेक्षा जास्त पिऊ नका आणि नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर असलेलं काहीतरी घ्या. खाण्याचा अंदाज म्हणजे तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. सराव असलेले लोक याहून जास्त पचवतात, पण ते पोटाला सवय लावून. केळं, खजूर, चिक्की, जेल, जे घ्यायचं ते सरावात घेऊन बघा. स्पर्धेच्या दिवशी कुठलाही नवा पदार्थ पोटात जाता कामा नये.

ऊन, स्नायू आणि किडनी

आपल्या हवेत सर्वांत मोठा शत्रू उष्णता. ऑक्टोबरच्या किनाऱ्यावर दमट हवा असते, घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे शरीर गार होत नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एसीत ट्रेडमिलवर तयारी करून थेट दुपारच्या उन्हात धावायचं म्हणजे संकट ओढवून घेणं.

बरोबरचा माणूस वेडंवाकडं बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्यात बसवा. ते नसेल तर अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळा आहे.

स्नायू इतके झिजतात की त्यातला एक रंगद्रव्याचा पदार्थ रक्तात येतो आणि किडनीत अडकतो. स्पर्धेनंतर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि कृपा करून दुखण्याच्या गोळ्या खिशात घेऊन धावू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. घाम, ऊन आणि झिजलेले स्नायू यांत या गोळीची भर घातली की किडनी बंद पडण्याची तयारी पूर्ण झाली.

माझी चूक

आता माझ्याबद्दल. दुसऱ्या वेळी स्पर्धेच्या आठ दिवस आधी मला ताप आला. दोन दिवस 101, घसा, अंगदुखी. ताप उतरला, पण थकवा होता. माझा एखादा पेशंट असता तर मी काय सांगितलं असतं? व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर ठोके बिघडू शकतात, पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा, मग हळूहळू सुरू करा. हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं आहे.

पण फी भरली होती, सायकल पॅक झाली होती, दवाखाना बंद ठेवण्याची पाटी लागली होती आणि मित्रांना सांगून झालं होतं. मी गेलो. पोहणं जमलं. सायकलवर साठ किलोमीटरला लक्षात आलं की वेग कमी करूनही ठोके खाली येत नाहीत. नेहमी ज्या वेगाला 135 असायचे तिथे 165 होते. मी थांबलो नाही. सायकल संपवली, बूट बदलले, दोन किलोमीटर धावलो, आणि एका झाडाखाली बसलो. पाच मिनिटं बसूनही नाडी 130. तेव्हा कुठे घड्याळाऐवजी स्वतःकडे बघितलं आणि पायातली टायमिंग चिप काढून दिली.

नंतर ईसीजी, इको नॉर्मल निघाले. नशीब. पण मला झोप लागली नाही ती निकालाच्या यादीत नावापुढे "पूर्ण नाही" लिहिलंय म्हणून नव्हे. ज्या माणसाने दुसऱ्यांना इतक्या वेळा थांबवलं त्याला स्वतःला थांबवायला साठ किलोमीटर आणि एक झाड लागलं, म्हणून. मी हे सांगतो कारण तुम्हाला वाटतं की अक्कल असलेल्या माणसाला ऐन वेळी थांबता येईल. नाही येत. थांबायचं कधी, हे आदल्या दिवशी शांत डोक्याने कागदावर लिहून ठेवावं लागतं.

या खेळाची सर्वांत गाजलेली दृश्यंही आपल्याला उलटं शिकवतात. 1982 साली हवाईमध्ये ज्युली मॉस ही तरुणी पहिल्या क्रमांकावर असताना अंतिम रेषेजवळ कोसळली आणि शेवटी रांगत रेषेपर्यंत गेली. तोवर कॅथलीन मॅककार्टनी पुढे निघून गेली होती. ते दृश्य टीव्हीवरून जगभर दिसलं आणि खेळ लोकप्रिय झाला. तिची जिद्द मोठीच. पण डॉक्टर म्हणून मला त्या चित्रात एक माणूस दिसतो ज्याच्या शरीराने काम थांबवलं आहे. तरुण वयात ती सावरली. 50 वर्षांच्या, ब्लड प्रेशर असलेल्या माणसाने ते चित्र आदर्श म्हणून भिंतीवर लावू नये.

मग तयारी कशी करायची?

1. घाई करू नका. आज काहीच करत नसाल तर पूर्ण अंतरासाठी किमान दोन-तीन वर्षं द्या. आधी 5 आणि 10 किलोमीटर, मग छोटी ट्रायथलॉन, मग अर्धं अंतर. हृदय आणि फुफ्फुसं काही महिन्यांत तयार होतात. हाडं, स्नायुबंध आणि गुडघे यांना जास्त वेळ लागतो.

2. तपासणी करून घ्या, पण तिच्या मर्यादा समजून. चाळिशीपुढे ब्लड प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी हवाच. घरात कमी वयात हृदयविकार, सिगारेट, मधुमेह किंवा काही त्रास असेल तर स्ट्रेस टेस्ट आणि इको. मात्र स्ट्रेस टेस्ट नॉर्मल म्हणजे गॅरंटी नव्हे. ती रक्तप्रवाह अडवणारे मोठे अडथळे शोधते. अनेकदा झटका येतो तो लहान गाठ अचानक फुटून, आणि ती या तपासणीत दिसत नाही. म्हणून रिपोर्टपेक्षा तुमची लक्षणं महत्त्वाची.

3. चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी ठोके कमी राहतात आणि घड्याळातले "झोन" निरुपयोगी होतात. मधुमेहात इन्सुलिन किंवा शुगर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर डोस बदलावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांनी दीर्घ श्रम आणि उपाशीपोटी शरीरात ॲसिड वाढण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

4. भगिनींसाठी. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर "बरंच झालं, कटकट गेली" असं समजू नका. शरीराला इंधन कमी पडतंय याची ती खूण आहे आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. खाणं वाढवा, डॉक्टरांना भेटा.

5. झोप आणि विश्रांती हा सरावाचाच भाग आहे. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, चिडचिड, झोप उडणं, सतत सर्दी, वेग कमी होणं, ही अतिसरावाची लक्षणं. त्यावर औषध एकच, विश्रांती.

6. रस्ता. पहाटे अंधारात हायवेवर सायकल चालवताना दिवे, हेल्मेट, चमकणारं जॅकेट हवंच, आणि कानात गाणी नकोत. माझ्या अनुभवात या खेळाने हॉस्पिटलमध्ये आलेले सर्वांत जास्त लोक हृदयाचे नव्हते. ते ट्रक, खड्डे आणि कुत्री यांचे होते.

वर्षानुवर्षं खूप जास्त सराव करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा ठोके अनियमित होण्याचा आजार काहीसा जास्त दिसतो. त्यामुळे छातीत अधूनमधून फडफड होत असेल तर घड्याळाला दोष देऊन गप्प बसू नका, ईसीजी काढा.

घरच्यांचं काय?

ही गोष्ट वैद्यकीय नाही, पण दवाखान्यात ती रोज ऐकू येते. नवरा पहाटे चारला उठून सायकलवर जातो, रविवारी दुपारी परत येऊन झोपतो, आणि मुलांचा डबा, सासूबाईंची औषधं, शाळेची मीटिंग हे सगळं बायकोच्या वाट्याला. उलटही होतं, पण कमी वेळा. आठवड्याचे बारा तास आकाशातून पडत नाहीत, कुणाच्या तरी वाट्यातून येतात. फॉर्म भरण्याआधी घरी बसून बोला. सायकलची खरी किंमतही सांगा. ज्या स्पर्धेच्या शेवटी घरचे लोक मनापासून टाळ्या वाजवतात, तिची तयारीही त्यांच्या संमतीने झालेली असावी.

कुठे थांबायचं: हे लिहून ठेवा

छातीत दुखणं, दाबल्यासारखं होणं, जळजळ, जी श्रमाने वाढते आणि थांबल्यावर जाते. जबडा, खांदा, डाव्या हातात दुखणं. नेहमीपेक्षा वेगळी धाप. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. ठोके अचानक पळणं किंवा चुकणं. पोहताना खोकला. घाम थांबून अंग शहारणं, गोंधळणं. यातलं एकही झालं तर थांबा आणि मदत मागा. गेल्या पंधरवड्यात ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नका.

थांबणं म्हणजे हार नव्हे वगैरे मी म्हणणार नाही. त्या दिवशी हार वाटते, मलाही वाटली. पण स्पर्धा पुढच्या वर्षी असते.

आता त्या गृहस्थांबद्दल. चिडून गेले, पण आठवड्याने पत्नीला घेऊन परत आले. तिनेच आणलं होतं. स्ट्रेस टेस्ट सहाव्या मिनिटाला थांबवावी लागली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट टाकला. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. ब्लड प्रेशरही वाढलेलं होतं. सहा महिने ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. स्वप्न मोडणाऱ्या माणसावर राग येतो, ते मी समजू शकतो.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले. हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र आणि नवीन स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट सोबत, दोन्ही चांगले. कागद पुढे केला. यावेळी आमच्याच गावातली 10 किलोमीटरची दौड होती.

"डॉक्टर, आधी तपासा," ते म्हणाले, "मग सही करा."

मी नाडी बघितली, ब्लड प्रेशर घेतलं, तेच चार प्रश्न पुन्हा विचारले. आणि सही केली.